कॅटमरान बोटीचा पंखा : निवड कशी करावी?

कोकण किनाऱ्यावर आपल्या अनेक बांधवांच्या घरात समुद्राचा धंदा पिढीजात चालत आलेला आहे. कोणी तांडेल आहे, कोणी इंजिनाचा मिस्त्री, तर कोणी आखाती देशांतील बंदरांत वर्कशॉपमध्ये राबून घर चालवतो. अलीकडच्या काळात किनाऱ्यावर पर्यटक वाढले आणि त्यांना फिरवून आणणाऱ्या फायबरच्या बोटीही वाढल्या. या बोटींना मागे आऊटबोर्ड इंजिन असते. त्यातच दोन हलांची, म्हणजे कॅटमरान जातीची वेगवान बोट घेण्याकडे काही मालकांचा ओढा आहे. बोट घेताना माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो आणि इंजिन घेताना वीस ठिकाणी. पंख्याची वेळ आली की मात्र दुकानदाराला "दीडशेचा पंखा द्या" एवढेच सांगून मोकळा होतो. आमच्या मते सर्वात मोठी चूक इथेच होते, आणि ती पुढे लाखांत जाते.

आमच्या माहितीतील एका बोटमालकाची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगण्याची गरज नाही. त्याने कर्ज काढून २६ फुटी कॅटमरान घेतली आणि मागे १५० अश्वशक्तीची दोन इंजिने बसवली. विक्रेत्याने २१ पिचचे तीन पात्यांचे पंखे दिले आणि "पिच जास्त तर वेग जास्त" असे समजावले. रिकाम्या बोटीवर चाचणी झाली, बोट छान पळाली, पैसे चुकते झाले. हंगाम सुरू झाल्यावर बारा-चौदा प्रवासी घेऊन पूर्ण रेस दिली तरी इंजिन ४८०० फेऱ्यांच्या वर जाईना. इंजिनाच्या पुस्तकात ५००० ते ६००० फेरे लिहिले होते. मालकाला वाटले, कमी फेरे म्हणजे इंजिनाला आराम. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर एका इंजिनाचा पिस्टन गेला. ऐन कमाईचे दिवस दुरुस्तीत गेले आणि हप्ते मात्र थांबले नाहीत.

कमी फेरे म्हणजे इंजिनाला आराम, हा समज आधी डोक्यातून काढून टाकला पाहिजे. कशेडी घाट भरलेल्या ट्रकने टॉप गिअरमध्ये चढण्याचा प्रयत्न केला तर काय होते? इंजिन गुरगुरते, तापते, खडखडते आणि गाडी पुढे सरकत नाही. ड्रायव्हर गिअर उतरवतो म्हणून इंजिन वाचते. आऊटबोर्ड बोटीला पुढे जाण्यासाठी गिअर एकच असतो. तिचा खरा गिअर म्हणजे पंखा, आणि तो भर समुद्रात बदलता येत नाही. पिच जास्त असलेला पंखा म्हणजे कायमचा टॉप गिअर. पूर्ण रेसला इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल तर सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढते, कार्बन धरतो आणि अखेर पिस्टन किंवा बेअरिंग बळी पडते. याउलट पिच फार कमी असेल तर फेरे मर्यादेच्या वर जातात, इंजिनातील लिमिटर वारंवार लागतो आणि बोट अडखळत चालते. तेही वाईटच. पण आमच्या पाहण्यात पहिला प्रकार दहापट जास्त येतो, कारण विकताना वेग विकला जातो.

पंख्यावरील आकडे

पंख्याच्या बोंडावर किंवा पात्याच्या मुळाशी दोन आकडे ठोकलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात घन पदार्थातून जाता तर जेवढा पुढे सरकला असता ते अंतर. लाकडात स्क्रू फिरवताना तो एका फेऱ्यात जेवढा आत जातो तसेच. पाणी लाकडासारखे घट्ट नसते, म्हणून प्रत्यक्षात पंखा त्याहून कमी सरकतो. या घसरणीला स्लिप म्हणतात.

इंजिनाचा एक फेरा म्हणजे पंख्याचा एक फेरा नव्हे. खालच्या गिअरकेसमध्ये फेरे कमी केले जातात आणि त्याचे प्रमाण प्रत्येक कंपनीचे वेगळे. यामाहाच्या एफ १५० मध्ये ते २ ला १ आहे, मर्क्युरीच्या १५० फोरस्ट्रोकमध्ये १.९२ ला १, तर सुझुकीच्या डीएफ १५० मध्ये २.५ ला १. इंजिनाचे ६००० फेरे असताना यामाहाचा पंखा मिनिटाला ३००० वेळा फिरतो, सुझुकीचा फक्त २४००. दोघांकडून कागदावर ४५ नॉट काढायचे झाल्यास यामाहाला सुमारे १८ पिच लागेल आणि सुझुकीला सुमारे २३. अश्वशक्ती तीच, पंखा मात्र पाच इंचांनी वेगळा. "दीडशेचा पंखा द्या" ही मागणी किती अपुरी आहे ते यावरून ध्यानात यावे. दुकानदार बांधवांनी तर गिऱ्हाइकाला इंजिनाचे मॉडेल आणि गिअरचे प्रमाण विचारल्याशिवाय पंखा काढूच नये.

हिशेब सोपा आहे. इंजिनाच्या फेऱ्यांना गिअरच्या प्रमाणाने भागावे, आलेल्या आकड्याला पिचने गुणावे आणि १२१५ ने भागावे. उत्तर नॉटमध्ये मिळते. वर सांगितलेल्या मालकाची बोट घेऊ. ४८०० भागिले २ म्हणजे २४००. त्याला २१ ने गुणून १२१५ ने भागले की साडेएकेचाळीस नॉट. जीपीएसवर प्रत्यक्ष वेग मिळत होता ३१ नॉट. म्हणजे साडेदहा नॉट, जवळजवळ २५ टक्के, घसरणीत जात होते. कॅटमरानला हे फार झाले. नीट जुळलेल्या वेगवान बोटीत घसरण साधारण १० ते १५ टक्के असते आणि हलक्या कॅटमरानमध्ये त्याहूनही कमी येऊ शकते.

पिच एक इंचाने कमी केले तर फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, हा ठोकताळा प्रत्येक मिस्त्रीने पाठ करावा. त्या मालकाला पुढे एका जाणत्या मिस्त्रीने १७ पिचचे चार पात्यांचे पंखे लावून दिले. तेवढेच प्रवासी घेऊन इंजिन ५५०० वर गेले आणि वेग आला ३३ नॉट. कागदावरचा वेग साडेअडतीस, म्हणजे घसरण १४ टक्के. पिच चार इंचांनी उतरवून बोट दोन नॉटांनी वाढली. हे ऐकून पहिला विक्रेता म्हणे हसला होता.

कॅटमरानची गोष्ट वेगळी का?

कॅटमरान हा शब्द तमिळमधील कट्टुमरमपासून आला. त्याचा अर्थ एकत्र बांधलेली लाकडे. आजच्या कॅटमरानमध्ये दोन अरुंद हल असतात आणि त्यांच्यामध्ये बोगदा. बोट वेगात आली की समोरची हवा या बोगद्यात शिरते, दाबली जाते आणि बोटीला वर उचलते. पाण्याला टेकणारा भाग कमी होतो, घर्षण घटते आणि तेवढ्याच ताकदीत बोट जास्त पळते. म्हणून एका हलच्या बोटीवरून उतरवलेला पंखा कॅटमरानला जसाच्या तसा लावू नये. तो तिथे कितीही चांगला चालत असला तरी इथे चालेलच असे नाही.

बोगदा फायदा देतो तसा त्रासही देतो. त्यातून मागे येणारे पाणी फेसाळ असते, त्यात हवा मिसळलेली असते. एकच इंजिन मध्यभागी लावलेल्या कॅटमरानमध्ये पंखा नेमका या फेसात फिरतो. दोन हलांच्या मागे दोन इंजिने असतील तर पाणी घट्ट मिळते, पण हल अरुंद असल्याने वळणावर किंवा लाटेवर एका बाजूचा पंखा पृष्ठभागाजवळ येतो आणि वरून हवा ओढतो. अशा वेळी फेरे एकदम चढतात, आवाज बदलतो आणि बोट मात्र मंदावते. आपले मिस्त्री याला सरसकट "कॅव्हिटेशन झाले" म्हणतात, पण ते बरोबर नाही. कॅव्हिटेशनमध्ये पात्यावरील दाब इतका उतरतो की पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन बुडबुडे बनते, आणि ते बुडबुडे फुटताना धातूला बारीक खड्डे पाडतात. हवा ओढली जाणे हा वेगळा प्रकार. इंजिनाच्या पायावर पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती हवा अडवण्यासाठी असते, तरी जग तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणते. नाव काहीही घ्या, पण रोग ओळखताना गल्लत होऊ देऊ नका, कारण दोहोंचे इलाज वेगळे आहेत.

हवा ओढणाऱ्या पंख्यावर पिच बदलून फारसा उपयोग होत नाही. इथे कामाला येतो तो कप, म्हणजे पात्याच्या मागच्या कडेला दिलेला बारीक वाक. हा वाक पाण्याला धरून ठेवतो आणि फेसातही पकड सुटू देत नाही. कप दिल्याने फेरे मात्र दीडशे-दोनशेने उतरतात, म्हणून त्यासोबत पिच एखाद्या इंचाने कमी घ्यावे लागते. दुसरा उपाय पात्यांचे क्षेत्र वाढवणे. त्यामुळे भारवाहू कॅटमरानसाठी आमचा कल चार पात्यांकडे आहे. तीन पात्यांचा पंखा सपाट पाण्यावर शेवटचा एखादा नॉट जास्त देईल. पण प्रवासी भरलेले असताना बोट लवकर पाण्यावर आणणे, कमी रेसला ती वर टिकवणे आणि वळणावर पकड न सोडणे, ही कामे चार पाती चांगली करतात. ज्याची कमाई फेऱ्यांवर आहे त्याला शेवटच्या नॉटचे काय करायचे?

इंजिनाची उंचीही पाहावी. बहुतेक मोठ्या इंजिनांच्या मागच्या भोकांमध्ये पाऊण इंचाचे अंतर असते. हवा ओढली जात असेल तर एक भोक खाली घेऊन पाहावे, आणि पकड घट्ट असून बोट जड चालत असेल तर एक भोक वर. उंचावर नेण्याला मर्यादा आहे. थंड पाणी ओढण्याची जाळी गिअरकेसवर असते. ती हवेत आली की इंजिन काही मिनिटांत तापते. पाण्याच्या दाबाचे मीटर बसवल्याशिवाय उंची वाढवू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

हे सांगण्याचे कारण आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे (विदर्भातील नव्हे) कृष्णा नदीत फॉर्म्युला वन पॉवरबोटची जागतिक शर्यत झाली. त्या बोटीही आऊटबोर्ड कॅटमरानच. अडीच लिटरचे व्ही सिक्स इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती आणि ताशी २०० किलोमीटरच्या वर वेग. त्यांचा पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरतो. त्याची चित्रफीत पाहून आपल्याकडील काही तरुणांनी इंजिने वर चढवली. शर्यतीच्या बोटीचा पंखा, गिअरकेस आणि पाणी ओढण्याची जागा हे सगळे त्याच कामासाठी घडवलेले असते. बाजारातील साध्या पंख्याने आणि साध्या पायाने त्याची नक्कल केल्यास पकड जाते आणि इंजिनही.

नाळ किती उचलावी हा आणखी एक नाजूक प्रश्न. पाती मागे जास्त कललेली असतील तर पंखा नाळ उचलतो. जड नाकाच्या एकहली बोटीला ते हवेच असते. कॅटमरानला मात्र बोगद्यातील हवा आधीच उचलत असते. वर नाळ उचलणारा पंखा लावला आणि समोरून वारा आला तर फार वेगात बोट मागे उलटण्याचा धोका असतो. शर्यतींमध्ये असे अपघात झालेले आहेत. शिवाय अरुंद हलांना पिछाडीकडे आधार कमी असतो, म्हणून प्रवासी कॅटमरानला पिछाडी सावरणारा, मध्यम कलाचा पंखा बरा. पण यातही अतिरेक नको. नाळ फार खाली राहिली तर मागून लाट येताना बोगद्याचे तोंड पाण्यात घुसते आणि पाण्याची वाफाळ चूळ पुढे उडून सर्वांना भिजवते. ज्यांनी कॅटमरान चालवली आहे त्यांना ही शिंक चांगलीच ठाऊक असेल.

उजवा आणि डावा

दोन इंजिनांच्या बोटीत सहसा उजवीकडील पंखा मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि डावीकडील उलट. दोन्ही एकाच दिशेने फिरले तर बोट एका अंगाला झुकते आणि सुकाणू ओढते. काही कॅटमरान बनवणारे मुद्दाम ही मांडणी उलटी करून पंखे आतल्या बाजूस फिरवतात. जे बांधणाऱ्याने ठरवले आहे ते त्याला विचारल्याशिवाय बदलू नये.

धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की डाव्या फेऱ्याच्या इंजिनाला डावाच पंखा लागतो. चुकून उजवा लावला तर पुढचा गिअर टाकल्यावर बोट मागे जाते. मग काही शहाणे मागचा गिअर टाकून बोट पुढे चालवू पाहतात. असे कदापि करू नये, कारण साध्या गिअरकेसमधील मागचा गिअर एवढा भार घेण्यासाठी बनवलेला नसतो. हात ओळखण्याची सोपी खूण सांगतो. पंखा टेबलावर बोंड टेकवून ठेवा आणि समोरच्या पात्याकडे बाजूने पाहा. पाते डावीकडून उजवीकडे चढत गेले असेल, साध्या बोल्टचे आटे चढतात तसे, तर तो उजवा. उलट चढत असेल तर डावा. ठोकलेल्या आकड्यांपुढे एल हे अक्षर असल्यास सहसा तो डावा असतो, पण अक्षरावर विसंबण्यापेक्षा डोळ्यांनी खात्री करावी.

चाचणी कशी घ्यावी?

रिकाम्या बोटीवरची चाचणी आम्ही चाचणी मानत नाही. रोजचे प्रवासी किंवा तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या, अर्धी टाकी इंधन आणि नेहमीचे सामान घेऊन निघावे. पाणी शांत असावे. पूर्ण रेस देऊन, ट्रिम जुळवून, फेरे आणि जीपीएसचा वेग लिहून घ्यावा. मग त्याच वाटेने उलट यावे आणि दोन्ही वेगांची सरासरी काढावी, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक निघून जातो. भरल्या बोटीत फेरे पुस्तकात दिलेल्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात आले पाहिजेत. दोन्ही इंजिनांचे फेरे जवळपास सारखे असावेत. तसे नसतील तर आधी पंखे आपसांत तपासावेत, नंतर इंजिन. एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि दमट हवेत इंजिनाची ताकद काही टक्के उतरते, म्हणून थंडीत जेमतेम जुळलेला पंखा उन्हाळ्यात जड पडतो. त्यासाठी थोडी जागा ठेवावी.

एक इंजिन बंद करूनही थोडे चालवून पाहावे. दुसऱ्या एकट्या इंजिनावर पूर्ण रेस देऊ नये. बोट पाण्यावर येणार नाही आणि त्या इंजिनावर घाटातील ट्रकचीच वेळ येईल. सावकाश घरी आणण्यापुरता त्याचा उपयोग.

कारागीर बांधवांसाठी

अॅल्युमिनियमचा पंखा स्वस्त, खडकावर लागला तर स्वतः वाकतो आणि गिअर वाचवतो. स्टेनलेस स्टीलचा महाग, पण पाती पातळ, भाराखाली लवत नाहीत आणि कप टिकतो. वेगवान कॅटमरानला स्टील शोभते, पण उथळ आणि खडकाळ बंदरात ये-जा असेल तर आम्ही अॅल्युमिनियम सुचवू. खाऱ्या पाण्यात स्टीलचा पंखा लावल्यास गिअरकेसवरील जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा बळीचा तुकडा वेळच्या वेळी बदलावा, नाहीतर गंज गिअरकेसला खातो.

वाकलेले पाते हातोडीने अंदाजे सरळ करून देणारे पुष्कळ आहेत. मोजून देणारे फार थोडे. मोजणी अवघड नाही. सपाट लोखंडी पाटावर पंखा ठेवून प्रत्येक पात्यावर मध्यापासून सारख्याच अंतरावर खूण करावी. तिथे पुढच्या आणि मागच्या कडेची पाटापासूनची उंची मोजावी. उंचीतील फरकाला ३६० ने गुणावे आणि दोन कडांमधील कोनाने भागावे, की त्या जागेचे पिच निघते. कोन ६० अंश आणि फरक २.८३ इंच असेल तर पिच १७. अनेक पंख्यांत पिच मागच्या कडेकडे वाढत जाते, त्यामुळे ठोकलेल्या आकड्याशी थोडा फरक पडेल. पण सगळ्या पात्यांचे उत्तर एकमेकांशी जुळलेच पाहिजे. ते जुळले नाही तर पंखा थरथरतो आणि त्या थरथरीने शाफ्टचे ऑइल सील व बेअरिंग जाते.

कधी कधी दोष पात्यात नसतो. पंख्याच्या आतील रबरी बुश सैल झाला तरी फेरे चढतात आणि बोट हलत नाही, अगदी हवा ओढल्यासारखे. बुश आणि बोंड यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि बोट एक फेरी चालवून आणावी. रेघ तुटली असेल तर बुश फिरतो आहे.

पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हाच पंखे उतरवून मोजून घ्यावेत आणि स्प्लाइनवर ग्रीस लावून ठेवावे. उतरवताना शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळलेली आहे का तेही पाहावे, कारण ती सील कापते. मालकांनी बोटीत उजवा एक आणि डावा एक असे दोन जादा पंखे, नट, वॉशर, स्प्लिट पिन आणि योग्य पाना ठेवावा. आणि प्रत्येक पंख्याचे पिच, पाती, मिळालेले फेरे, वेग व त्या दिवशीचे प्रवासी एका वहीत लिहून ठेवावेत. पुढचा पंखा घ्यायला जाताना दुकानदारापुढे ती वही ठेवावी.